मटिवल्याची पिवळी पेटी

पेरादेणिय,
१२ जानेवारी १९६४

प्रिय सियातूमामा,

साष्टांग नमस्कार. थंडी इथेही आहे, पण तुम्ही दिलेली घोंगडी पुरते. आईला सांगा.

आज पत्र लिहिण्याचं कारण मोठं आहे. माझ्या प्रबंधाचा विषय पक्का झाला: आपला जुना देल्गस्तेन्ना मतदारसंघ. एकतीस साली गोऱ्या साहेबांनी नकाशावर आखला आणि सत्तेचाळीसच्या नव्या आखणीत पुसला गेला. सोळा वर्षं जगला, दोन निवडणुका पाहिल्या. पहिली बिनविरोध, म्हणजे खरी एकच, छत्तीस सालची. प्राध्यापक म्हणाले, "एवढ्याशा खेड्यापाड्यांच्या मतदारसंघावर काय लिहिणार?" मी म्हटलं, "तिथेच माझं गाव आहे." ते हसले, पण सही केली.

गेला आठवडाभर कँडीच्या कचेरीच्या वाचनालयात जुने गठ्ठे चाळते आहे. तुम्हाला सगळं आठवत असेलच, मला मात्र पहिल्यांदा नीट कळलं. तेव्हा हत्ती, दिवा, सायकल अशी चिन्हं नव्हती. प्रत्येक उमेदवाराला एक रंग आणि त्या रंगाची वेगळी पेटी. पडद्याआड जायचं आणि हव्या त्या रंगाच्या पेटीत कागद टाकायचा. वलव्व्यातले, त्या मोठ्या वाड्यातले, जमीनदार कहटवेला हामू पिवळे. शहरातून आलेले वकील समरतुंग हिरवे.

आणि मामा, काल मला केंद्र क्रमांक चौदा सापडलं. मटिवला, कुंभारांची शाळा. हिरवी पेटी: दोनशे बारा. पिवळी पेटी: एक.

एक! ज्यांच्या जमिनीत आपण राहत होतो, ज्यांच्या शेतातली माती आपल्या चाकावर चढत होती, त्या हामूंना अख्ख्या मटिवल्यातून एक मत. आणि सगळ्या केंद्रांची बेरीज धरून वकील निवडून आले फक्त एकशे चाळीस मतांनी. म्हणजे हामूंना आपल्या गावानं पाडलं. मतदानाचा हक्क मिळून पाच वर्षं झाली होती, बायकाही रांगेत होत्या, आणि जमीनदाराविरुद्ध कुंभारांनी एकदिलानं उभं राहून दाखवलं! मी वाचनालयात उठून उभी राहिले. मला कोणीतरी बसायला सांगितलं.

आई म्हणते, लोकांना कागद कसा टाकायचा ते तुम्हीच शिकवलं होतं. मग हे बंड कसं ठरलं, कुठे बैठक झाली, कोण बोललं, सगळं लिहून पाठवा.

तुमची,
यसवती


मटिवला,
२४ जानेवारी १९६४

चिरंजीव यसवतीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या आईला वाचून दाखवलं. बंडाचं ऐकून ती म्हणाली, "कोण, आपण? आपल्याकडे कोंबडी कापायची झाली तरी शेजाऱ्याला बोलावतात."

पोरी, बंडबिंड काही नव्हतं. तुला निराश करायचं जिवावर येतं, पण जे झालं ते असं.

पेट्या आदल्या दिवशी शाळेत आल्या. पिवळी पेटी जी आली ती नुसती पिवळी नव्हती, बरोबर भिक्खूंच्या चिवराच्या रंगाची होती. आपली माणसं भोळी. चिवराला बाईमाणसानं शिवायचं नाही, गड्यानंही वाकून नमस्कार केल्याशिवाय जवळ जायचं नाही. त्यात वरून भोक पाडून मळक्या हातांचा कागद कोंबायचा? पाप लागेल म्हणून सगळे घाबरले. काहींनी तर पिवळ्या पेटीला हात जोडले, एका बाईनं वर अरलियाचं, म्हणजे चाफ्याचं, फूल ठेवलं, आणि कागद शेजारच्या हिरव्या पेटीत टाकून बाहेर आले. झालं तुझं बंड.

हामूंना हे पटलं नाही. त्यांनी सगळ्यांना पत्तिनी देवीच्या देवळात नेऊन शपथा घ्यायला लावल्या. एकेकाला आत, कपुराळ पुजारी आणि हामू एवढेच समोर. खोटं बोलणाऱ्यावर नारळ फोडून शाप घालणार होते. सगळ्यांनी शपथेवर तेच सांगितलं. तरी हामू म्हणाले, "एवढी भक्ती असेल तर ती मातीवाचूनही टिकेल." आणि ओढ्याकाठचा आपला मातीचा खड्डा कुंपण घालून बंद केला. त्याला यंदा अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हापासून सात मैलांवरच्या वीटभट्टीवाल्याकडून गाडीनं माती येते, तीही वाळू मिसळलेली. तू लहानपणी फुटक्या हंड्या मोजायचीस, त्या का फुटायच्या ते आता कळलं असेल.

पण एक चांगली बातमी. मोठे हामू जाऊन तीन वर्षं झाली. धाकटे तिस्स हामू वैशाख पौर्णिमेला वडिलांच्या नावानं दान देणार आहेत. त्यांना वाटतं, वडिलांनी भोळ्या लोकांवर नाहक राग धरला. तो दोष फिटावा आणि पुण्य वडिलांना पोचावं म्हणून खड्डा गावाला परत देणार. फक्त तेव्हा जे घडलं तो गैरसमज होता, वैर नव्हतं, असं लेखी हवं म्हणतात. मी तुझ्या प्रबंधाचं बोललो. खूश झाले. म्हणाले, विद्यापीठातलं लिखाण म्हणजे वकिलाच्या कागदाहून बरं.

तेव्हा वर लिहिलंय तसं लिही. छान गोष्ट आहे.

तुझा मामा,
सियातू

ता. क. ते एक मत कोणाचं, हे कोणाला ठाऊक नाही.


पेरादेणिय,
३ फेब्रुवारी १९६४

प्रिय मामा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. खरं सांगते, पहिल्यांदा वाईट वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. लोक मला हवे तसे वागले नाहीत म्हणून मी त्यांच्यावर रुसणार का? त्यांची श्रद्धा हीसुद्धा इतिहासच आहे. मी त्या दिवशी नवं प्रकरण लिहायला घेतलं.

पण काल केंद्र क्रमांक पंधरा हाती लागलं. टेकडीपलीकडचं उडुगम. तुम्हाला माहीत आहे, विहार तिथेच आहे. भिक्खू तिथे राहतात, चिवरं तिथल्या ओढ्यावर वाळत घालतात. त्या गावापेक्षा भाविक गाव आपल्या भागात नाही. त्यांच्याकडेही त्याच कारखान्यातून आलेली तशीच पेटी होती. तिथे पिवळी पेटी: दोनशे एकतीस. हिरवी: एकोणतीस.

उडुगमच्या लोकांना पाप का लागलं नाही?

मी आणखी सहा केंद्रं पाहिली. पेटीला घाबरलेलं गाव एकच, आपलं. म्हणजे ही समजूत सगळ्या लोकांची नव्हती, मटिवल्यात कोणीतरी सांगितलेली होती. मतदानाआधी दोन-तीन दिवसांत कोणी आलं होतं का? वकिलाचा माणूस? एखादा भिक्खू?

तिस्स हामूंचं पत्र मलाही आलं. फार सौजन्यानं लिहिलंय. प्रकरण पूर्ण झालं की एक प्रत मागतात. त्यांना काय कळवू?

तुमची,
यसवती


मटिवला,
१३ फेब्रुवारी १९६४

चि. यसवतीस,

तुला शिकवलं ते गठ्ठे वाचायला, हे कबूल. पण काय काय वाचायचं याला काही मर्यादा आहे की नाही?

कोणी आलं नव्हतं. उडुगमची माणसं हामूंच्या नात्यागोत्यातली, त्यांना पाप-पुण्य सोयीनं लागतं. एवढं लिही आणि पुढे जा.

इकडचं ऐक. गेल्या महिन्यात आपल्या गल्लीतली आणखी दोन चाकं थांबली. तुझा मावसभाऊ चहाच्या मळ्यात रोजावर जायचं म्हणतो. कुंभाराचा मुलगा मळ्यात! भट्टीवाल्यानं सांगितलंय, पुढच्या वर्षापासून माती देणार नाही, सगळी विटांना लागते. वैशाखाला खड्डा मिळाला तर गाव राहील. नाही मिळाला तर तुझ्या प्रबंधात राहील.

खणायची हौस असेल तर इथे ये आणि माती खण.

मामा


पेरादेणिय,
२० फेब्रुवारी १९६४

प्रिय मामा,

तुम्ही माझ्यावर कधी रागावला नव्हता. मी शाळेतून पळून आले होते तेव्हासुद्धा नाही.

मला गाव राहायला हवं आहे. तुमच्याइतकंच. तुमचं उत्तर येईपर्यंत तिस्स हामूंना काहीही पाठवणार नाही, हा माझा शब्द. पण जे खोटं आहे हे मला कळलंय, ते मी खरं म्हणून लिहू शकणार नाही. माझ्या नावापुढे पदवी लागली तेव्हा तुम्हीच गल्लीत सगळ्यांना सांगत होता ना, "आता आपल्या घरातलं कोणी बोललं की लोक खरं मानतील"? मग मी काय बोलायचं, ते मला जपायला हवं.

छत्तीस साली मटिवल्यात लिहिता-वाचता येणारा माणूस एकच होता. मतदान शिकवायला घरोघर गेलेला माणूसही एकच.

मामा, चिवराचं तुम्ही सांगितलंत का?

यसवती


मटिवला,
७ मार्च १९६४

यसवती,

हो. मी सांगितलं.

पंधरा दिवस पत्र हातात घेऊन बसलो होतो. आता एका बैठकीत लिहितो, नाहीतर लिहिणार नाही.

चौतीस-पस्तीसचं तापाचं साल तू पुस्तकात वाचलं असशील. ओढा आटला, डबक्यांत डास झाले, आणि घराघरांत माणसं काडीसारखी वाळली. सरकारनं तांदूळ आणि कोयनेलच्या गोळ्या पाठवल्या. वाटणी हामूंच्या हातात. उडुगमला घरपोच मिळालं. मटिवल्याला हामूंनी सांगितलं, फुकट खायची सवय लावायची नाही, माझ्या तळ्याचा बांध घाला आणि संध्याकाळी तांदूळ न्या. तापानं थरथरणारी माणसं डोक्यावर माती घेऊन बांधावर चढायची. तुझी आजी, माझी आई, तिसऱ्या दिवशी बांधावरच बसली आणि उठली नाही. त्या हंगामात गल्लीतली एकतीस माणसं गेली. बांध अजून आहे. चांगला आहे.

पुढच्या वर्षी हामू निवडणुकीला उभे राहिले. मी चोवीस वर्षांचा. आराच्चीनं, म्हणजे गावच्या मुखियानं, मला बोलावून सांगितलं, "तू शिकलेला आहेस, तुझ्या लोकांना पिवळी पेटी दाखव." मी घरोघर गेलो. हामूंना मत देऊ नका, असं म्हणायची सोय नव्हती. आराच्चीचे कान प्रत्येक चुलीपाशी होते. आणि म्हटलं असतं तरी लोक घाबरले असते. म्हणून मी चिवराचं सांगितलं. डोळे मिटून, हात जोडून सांगितलं. हरले तर हामू देवळात शपथा घ्यायला लावतील हे ठाऊक होतं; वाटलं, मनात श्रद्धा असेल तर तेव्हाही ते अडकणार नाहीत. त्यांच्या दृष्टीनं ते खरंच असेल. पाप लागलंच तर एकट्या मला.

आपल्याच भोळ्या माणसांना मी फसवलं. त्यांच्या पहिल्या मताला. तू ज्याला हक्क म्हणतेस त्याला.

आता उरलेलं. मी सगळ्यांत शेवटी पडद्याआड गेलो. हिरव्या पेटीपाशी कागद नेला आणि हात थांबला. बाकीचे सुटतील, मी कसा सुटणार? मला तर चिवराचं खोटं आहे हे माहीत होतं. देवीसमोर उभा राहून काय सांगणार? ताप आल्यासारखं झालं.

मी कागद पिवळ्या पेटीत टाकला.

ते एक मत माझं. माझी आई ज्यानं मारली त्याला मी मत दिलं. देवळात मी देवीच्या डोळ्यांना डोळे भिडवून म्हणालो, "माझा कागद पिवळ्या पेटीत आहे." हामूंनी पेटीत एकच कागद होता हे ऐकलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन महिन्यांनी मला ग्रामन्यायालयात कारकुनाची जागा मिळाली. कुंभाराच्या पोराला खुर्ची! त्याच खुर्चीवर बसून मी तुझ्या शाळेची, वसतिगृहाची, पुस्तकांची सोय केली.

गावाला मातीचा खड्डा गेला आणि मला नोकरी मिळाली. आता लिही काय लिहायचं ते.

सियातू


पेरादेणिय,
१५ मार्च १९६४

मामा,

तुमचं पत्र आल्यावर मी दोन दिवस वर्गात गेले नाही. टेबलावर पुस्तकं होती, तीसुद्धा त्याच खुर्चीतून आलेली. कोणत्या पुस्तकाकडे बघू ते कळेना.

मला तुमचा राग आला होता. मग तुमचं वय आठवलं. तेव्हा तुम्ही माझ्या आजच्या वयाहून फक्त एका वर्षानं मोठे होता.

खूप विचार केला. तुम्ही म्हणता, लिही. हामू म्हणतात, लिही. प्राध्यापक म्हणतात, लवकर लिही. पण मत दोनशे बारा माणसांचं होतं, माती त्यांची गेली, आणि त्यांना अजून कोणी विचारलेलं नाही. खोटं लिहून माती मिळवायची की खरं लिहून घालवायची, हे ठरवायचा हक्क मला नाही. तुम्हालाही नाही, मामा. तुम्ही एकदा त्यांच्या वतीनं ठरवलंत, तेवढं पुरे.

त्यातले जे हयात आहेत त्यांना एकत्र बोलवा आणि मला लिहिलंत ते सगळं सांगा. शेवटचंसुद्धा. ते म्हणतील तसं मी करीन. गैरसमज होता असं त्यांनी सांगायचं ठरवलं, तर मी ते प्रकरणच गाळीन आणि मतदारसंघाच्या सीमांवर लिहीन. खोटं लिहिणार नाही, पण गप्प बसेन.

हे अवघड आहे हे मला कळतं. तुम्ही सांगत असताना मी शेजारी बसायला हवं होतं, पण परीक्षेची कामं आहेत. तरी बोलावलंत तर येईन.

तुमची,
यसवती


मटिवला,
१६ एप्रिल १९६४

चि. यसवतीस आशीर्वाद.

हे पत्र रंकिरी आजी सांगते आहे आणि मी लिहितो आहे. नववर्षाचा दूधभात खाऊन झाल्यावर काल सगळ्यांना शाळेत बोलावलं. त्या वेळचे एकोणीस जण उरलेत, रंकिरी आजी सगळ्यांत मोठी, ब्याऐंशीची. तुझ्या सांगण्याप्रमाणे मी उभं राहून सगळं सांगितलं. विड्याची तबकं फिरली आणि लोक घरी गेले. आज सकाळी आजी दारात येऊन बसली. म्हणाली, "कागद घे. पोरीला लिहायचंय. मी बोलेन ते जसंच्या तसं लिही, कारकुनी करू नकोस." तर लिहितो.

पोरी यसवती, मी रंकिरी. तुझा मामा काल फार रडला. लहान पोरासारखा रडला. (हे मी लिहिणार नव्हतो. ती म्हणते, लिही.)

तू शिकलीस, चांगलं झालं. पण तुझा मामा शिकला आणि अर्धवट राहिला. हा चोवीस वर्षांचा, मिशी धड फुटली नव्हती, तो माझ्या दारात येऊन मला सांगतो, रंकिरी अक्का, चिवराचा रंग आहे, हात लावलास तर पाप लागेल. अगं, मी विहाराला मडकी देत आले सात वर्षांची असल्यापासून. भिक्खूंच्या रंगाच्या हंड्या कोणी घडवून दिल्या? चिवरं ज्यात शिजवून रंगवतात ती मोठी हंडी आपल्याच चाकावरची असते. आम्ही त्या हंडीत कोपरापर्यंत हात घालून तळ तपासायचो. आम्हाला हा पिवळ्या रंगाचं पाप शिकवणार!

(मी इथे लिहायचं थांबलो. ती म्हणाली, "हात दुखला? लिही.")

माझे दोन मुलगे बांधावर गेले. एक सकाळी, एक दुपारी. आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती कागद कुठे टाकायचा ते. पण नवरा बायकोला बोलत नव्हता, बायको सासूला बोलत नव्हती. कोण जाऊन आराच्चीला सांगेल? अशा वेळी हा वेडा हात जोडून आला आणि एक कारण देऊन गेला. मोठ्यानं बोलता येईल असं कारण. त्या दिवसापासून विहिरीवर बायका एकमेकींना म्हणायला लागल्या, "चिवराचा रंग आहे हं बाई." दुसरी म्हणायची, "हो ना, आपली कुठली छाती!" आणि दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघायच्या. एवढंच बोलायचं होतं. पेटीवर फूल मी ठेवलं. बाहेर आराच्ची बसला होता, ते आत नेताना त्याला दिसावं म्हणून.

(मी विचारलं, "आजी, मग मला का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "तू इतका मन लावून सांगत होतास, मोडवेना.")

आता देवळातलं. दोनशे बारा माणसं एकेक करून आत गेली. हामूनं प्रत्येकाला विचारलं, कोणी शिकवलं? पोरी, एकानंही सियातूचं नाव घेतलं नाही. खरंच भोळे असतो तर पहिल्याच माणसानं सांगितलं नसतं का, की सियातू म्हणाला? ह्याला अठ्ठावीस वर्षांत कधी वाटलं नाही, की दोनशे बारा तोंडांतून माझं नाव कसं निघालं नाही? कारकून म्हणे!

(हे खरं आहे. मला कधी वाटलं नाही. मी समजत होतो, हामूंनी तसं विचारलंच नसेल.)

आणि तो एक कागद. तो कोणाचा हे दोन महिन्यांनी कळलं. हामूनं खुर्ची कोणाला दिली ते बघितलं की झालं. काही जण चिडले होते. माझा नवरा म्हणाला, ह्याचं चाक फोडू. मी म्हटलं, घाबरलं पोर. आई गेल्याला वर्ष झालं नव्हतं. आणि कचेरीत आपला एक माणूस बसलेला बरा. तसा तो बसला, आणि आपल्या लोकांचे अर्ज त्यानं कधी खाली दाबले नाहीत. फुकट लिहून दिले. तेवढ्यावर आम्ही विसरलो.

आता तुझ्या प्रश्नाचं. काल रात्री घरोघर बोलणं झालं. देवीसमोर एकदा भोळेपणाची शपथ घेतली, तेव्हा पोरं जगवायची होती. आता मरायच्या वयात परत भोळं व्हायचं नाही. माती हवी, पण आम्हाला काही समजत नव्हतं असं लिहून नको. आम्हाला समजत होतं. तू लिही. बांधावर गेलेल्या एकतीस जणांची नावं मी सांगते, ती आधी लिही.

खाली मी, सियातू. नावं वेगळ्या कागदावर आहेत. सांगताना ती एकदाही अडखळली नाही.

मामा


पेरादेणिय,
२७ एप्रिल १९६४

मामा,

प्रकरण लिहून झालं. तिस्स हामूंना एक प्रत आजच्याच टपालानं पाठवली. सोबत लिहिलं, की वैशाख पौर्णिमेच्या आधी हे तुमच्या हाती असावं, कारण ज्या समजुतीवर तुम्ही दान देणार आहात ती खरी नाही. गावानं हे मला स्वतः कळवलंय.

पाकीट टपालपेटीत टाकायच्या आधी दोनदा मागे फिरले. माती गेली तर तिच्यात माझाही हात असेल. तुमच्या हाताला मी फार कठोर शब्द वापरले होते मनात, ते परत घेते.

मी पहिल्या पत्रात जे लिहिलं होतं ते रंकिरी आजीला वाचून दाखवा.

यसवती


मटिवला,
३० मे १९६४

चि. यसवतीस आशीर्वाद.

वाचून दाखवलं. म्हणाली, "वाचनालयात उभी राहिली? वेडीच आहे. मामावर गेली."

आता ऐक. पौर्णिमेच्या आधी चार दिवस तिस्स हामू मोटारीनं आले. हातात तुझं प्रकरण. शाळेच्या ओट्यावर बसले. खुर्ची आणली होती, नको म्हणाले. सगळे जमले. ते म्हणाले, "मला बांधाचं माहीत नव्हतं. घरात कोणी बोललं नाही." कागद उलटले. मग म्हणाले, "पण तुम्ही जाणूनबुजून वडिलांना पाडलंत. हे कळल्यावर त्यांच्या नावानं खड्डा दान करता येणार नाही. आई ऐकणार नाही, आणि खरं तर माझंही मन होत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं.

रंकिरी आजी म्हणाली, "दान कोण मागतंय? भाड्यानं द्या."

ते म्हणाले, "काय?"

"भट्टीवाल्याला जमीन भाड्यानं देता ना? आम्हालाही द्या. स्टँपाच्या कागदावर. नववर्षाला वलव्व्यात फुकट मडकी यायची नाहीत, आणि आमच्या मनात काय आहे ते तुम्ही विचारायचं नाही."

तिस्स हामू म्हणाले, "किती वर्षांसाठी?" आजी म्हणाली, "मी मरेपर्यंत नको, लवकर संपेल. तीस लिहा."

परवा सह्या झाल्या. मसुदा मी केला. खड्ड्याचं कुंपण तुझ्या मावसभावानं काढलं, तो मळ्यात जायचा थांबलाय. निदान पावसाळ्यापर्यंत तरी. वरची दोन हात माती कुजलेली आहे, खाली चांगली लागेल असं म्हणतात. भाडं जड आहे. बघू.

एक विचारायचं राहिलं. हामूंनी प्रकरण वाचताना माझ्याकडे एकदाही वर पाहिलं नाही. म्हणजे त्यात माझं नाव आहे की नाही ते कळलं नाही. लिहिलंस का?

मामा


पेरादेणिय,
११ जून १९६४

प्रिय मामा,

लिहिलं. दोन्ही ठिकाणी. घरोघर चिवराचं सांगत फिरलेला सियातू, आणि पिवळ्या पेटीत तो एक कागद टाकणारा सियातू. नाव बदलावं असं दोनदा वाटलं, पण रंकिरी आजीनं एकतीस नावं दिली ती बदलली नाहीत, मग तुमचंच का बदलू?

काल तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, कोरड्या आवाजाचे. बाकी सीमा, लोकसंख्या, आकडे यांवर विचारून झाल्यावर त्यांनी चौथं प्रकरण उघडलं. म्हणाले, "हा तुमचा कारकून. गावाला एक सांगतो, स्वतः दुसरं करतो, आणि त्यावर नोकरी मिळवतो. तुम्ही त्याच्याशी फारच सौम्य वागला आहात. इतिहासकारानं अशा साक्षीदारापासून अंतर ठेवायला हवं. हा तुम्हाला भेटला कुठे?"

मी म्हटलं, "ते माझे मामा आहेत. त्या नोकरीवर मी शिकले."

माझे प्राध्यापक खिडकीकडे बघायला लागले. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि पान माझ्याकडे सरकवलं.

"मग हे तळटीपेत हवं," ते म्हणाले. "आत्ता लिहा."

मी लिहिलं, मामा.

तुमची,
यसवती